‘घरी न्या, सेवा करा’ याच्या पुढचं शिकवा

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जळगाव, धुळे व नंदुरबार
मा. जिल्हा शल्यचिकित्सक व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, तिन्ही जिल्हे
आणि खान्देशातल्या नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते. त्यातली बहुतेक वर्षं तापीकाठच्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, फवारणीचं विष पोटात गेलेला माणूस, मे महिन्यातला उष्माघात, यातलं काहीही रात्री दोन वाजता आलं तरी आमचे हात आपोआप चालायचे. ते शिकवलेलं होतं आणि रोजच्या सवयीचं होतं. एका तऱ्हेच्या पेशंटपुढे मात्र आम्हा सगळ्यांचे हात थांबायचे. हे पत्र त्या, बरा न होणाऱ्या पेशंटबद्दल आहे.

२०१५ चा पावसाळा होता. चोपड्याकडचा एक शेतकरी, पंचेचाळिशीचा, तंबाखू-चुना पोरवयापासून. गालाचा कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, सहा महिन्यांत आजार पुन्हा वर आला. फाईलच्या शेवटच्या पानावर ‘बेस्ट सपोर्टिव्ह केअर’ एवढंच लिहिलेलं होतं. त्याच्या धाकट्या भावाने त्या शब्दांवर बोट ठेवून अर्थ विचारला. आमचे डॉक्टर तरुण होते, मनाने फार चांगले. ते म्हणाले, “म्हणजे आता घरी न्या, सेवा करा.”

भाऊ म्हणाला, “ते करसूत. पन सेवा म्हंजे काय करानं, साहेब?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. उत्तर दोघांकडेही नव्हतं.

घरी झेपेना म्हणून दोनच दिवसांत त्याला आमच्याकडे भरती केलं. गालाला आरपार भोक पडलेलं. त्या जखमेचा वास वॉर्डाच्या दारापर्यंत यायचा. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक कुरकुर करू लागले, तेव्हा त्याची खाट व्हरांड्याच्या दाराशी, कोपऱ्यात सरकवली. बायको उशाशी अगरबत्ती लावून बसायची. दुखणं उसळलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचं, दोन-तीन तास डोळा लागायचा, मग तो पुन्हा उशीत तोंड खुपसायचा, ओरडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी एकावर एक दोन मास्क लावून ड्रेसिंग करायचे आणि भराभर उरकायचे. हे लिहितानाही मला लाज वाटते. बाराव्या दिवशी पहाटे तो गेला. सकाळी नवी चादर घातली आणि नऊच्या आत त्या खाटेवर दुसरा पेशंट आला.

पुढच्या वर्षी मी रजा टाकून, पदरचे पैसे घालून केरळात गेले. तिथे डॉक्टर आणि नर्सेससाठी सहा आठवड्यांचा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास कमी करण्याच्या शुश्रूषेचा, अभ्यासक्रम चालतो. मला मल्याळम येत नव्हतं, तरी तो केला. दुसऱ्या आठवड्यात एका घरी गेलो. म्हाताऱ्या बाईंच्या छातीवर तशीच सडलेली जखम, तसाच वास. बरोबरच्या सिस्टरने पिशवीतून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या काढल्या, खलात कुटून पूड केली, जखम धुऊन त्यावर भुरभुरवली, वर ओलं गॉज ठेवलं. रोज असं करा, म्हणून सुनेला दाखवलं. पाच दिवसांनी परत गेलो तेव्हा नातवंडं आजीच्या खाटेवर बसून खेळत होती.

मेट्रोनिडाझोल. जुलाबाला आम्ही रोज मूठमूठभर वाटत होतो त्या गोळ्या. त्या चोपड्याच्या माणसाच्या खाटेपासून आमचं औषधाचं कपाट वीस पावलांवर होतं.

आदरणीय सर, मॅडम, आमच्याकडे औषध नव्हतं असं नाही. मायाही होती. त्या औषधाचा हा उपयोग आम्हाला कुणी सांगितलेला नव्हता. तीन वर्षांच्या नर्सिंगमध्ये नाही, त्या डॉक्टरांच्या साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्येही नाही. माणूस बरा कसा करायचा हे आम्ही शिकलो. बरा न होणारा माणूस समोर आला की ‘घरी न्या, सेवा करा’ या चार शब्दांवर आमचं शिक्षण संपायचं. त्याच्या पुढचं शिकवायला सुरुवात करा, एवढं एकच मागणं घेऊन मी हे लिहिते आहे.

पुढचं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण वरून पाहणाऱ्याला हे नुसतं ‘धीर देण्याचं’ काम वाटतं. हे कसबाचं काम आहे.

आधी दुखण्याचं बघा. आमच्याकडे ‘दुखेल तेव्हा’ औषध द्यायची रीत. कॅन्सरच्या सततच्या दुखण्यात ती रीत चालत नाही. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत. रात्री झोपताना बहुधा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होणारच, म्हणून पोट साफ होण्याची गोळी त्याच चिठ्ठीवर, पहिल्याच दिवशी. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, तिचीही तयारी ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची पायऱ्यांची पद्धत १९८६ साली मांडली. मी नोकरीला लागले त्याच्याही आधीची गोष्ट. ती मला कळली नोकरीची पंधरा वर्षं सरल्यावर.

मग दुखण्याची भाषा. आमचा पेशंट ‘माझी वेदना दहापैकी आठ आहे’ असं सांगत नाही. तो म्हणतो, “ठणका मारस”, नाहीतर म्हणतो, “आग व्हस, मुंग्या येतस.” शिकलेल्या कानाला या दोन तक्रारी वेगळ्या ऐकू येतात. ठणका एका जातीचा, आग-मुंग्या बहुतेक वेळा नसेच्या दुखण्याच्या, आणि दोन्हींची औषधं वेगळी. बाहेरगावचा पोरगेला डॉक्टर दोन्हींपुढे ‘पेन प्लस’ लिहून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, त्याला अहिराणीत दुखणं ऐकायला कुणी बसवलेलंच नाही.

धाप लागलेल्या माणसाला खिडकीपाशी उंच उशीवर टेकवायचं आणि छोट्या पंख्याची झुळूक सरळ तोंडावर येऊ द्यायची. याने किती आराम पडतो ते स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. शेवटच्या तासांत घशात घरघर वाजते. घरच्यांना वाटतं जीव गुदमरतोय, मग कफ ओढायच्या सक्शन मशीनसाठी धावाधाव होते. तेव्हा माणसाला कुशीवर वळवायचं, गरज पडली तर घरघर कमी करणारं इंजेक्शन त्वचेखाली द्यायचं आणि मुख्य म्हणजे घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की असा आवाज येईल, घाबरू नका. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, पाय सुजले तर कसं बांधायचं, हे सगळं सुनेला, मुलाला, शेजारणीला शिकवता येतं. पण शिकवणारीला आधी यायला हवं.

लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांचं शुश्रूषागृह, सुरू केलं, तिथून ही विद्या जगभर गेली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. देहाचं, मनाचं, संसाराचं आणि श्रद्धेचं दुखणं एकात एक गुंतलेलं असतं, असं त्या शिकवत. आपल्याकडे याचा अनुभव रात्रीच्या ड्युटीला येतो. विकास सोसायटीचं कर्ज आणि लग्नाची राहिलेली लेक आठवली की रात्री दोनला त्याच माणसाचं तेच दुखणं दुप्पट होतं. सुईबरोबर कुणीतरी स्टूल ओढून जवळ बसावं लागतं.

आता मॉर्फिनबद्दल, कारण इथे प्रशिक्षणाचा संबंध थेट औषधाच्या कपाटाच्या किल्लीशी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवानग्यांची अशी गुंतागुंत झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९९७ साली अख्ख्या देशाचा वर्षाचा वापर १८ किलोच्या आसपास आला होता. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. त्या मान्यतेसाठी संस्थेत वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. म्हणजे प्रशिक्षित डॉक्टर नाही म्हणून मान्यता नाही, मान्यता नाही म्हणून गोळी नाही, आणि गोळी नाही म्हणून तालुक्याचा पेशंट डायक्लोफिनॅकवर तळमळतो. अफूची परवान्याची शेती इंदूरच्या पलीकडे मंदसौर-नीमचला होते, नीमचला अफूतून मॉर्फिनसारखी द्रव्यं काढणारा सरकारचा अल्कलॉइडचा कारखाना आहे. माल आपल्याच देशात पिकतो, सातपुड्याच्या त्या अंगाला. एका प्रशिक्षित डॉक्टरवाचून तो चोपड्याला, साक्रीला, शहाद्याला पोचत नसेल, तर ती अडचण आपल्याला दूर करता येण्याजोगी आहे.

व्यसन लागेल ही भीती मी स्वतः बाळगली होती. कॅन्सरच्या वेदनेसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरल्या डोसात दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची वेळ क्वचित येते. उलट दुखणं थांबलेला माणूस उठून बसतो, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून मागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हे फक्त कॅन्सरचं नाही, हेही सांगायला हवं. नंदुरबारच्या अधिष्ठात्यांना विशेष विनंती. आपल्या जिल्ह्यातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलची कळ उठली की पंधरा वर्षांची पोर खाटेवर वेटोळं होऊन पडते आणि आमच्यातलंच कुणीतरी म्हणतं, “ही नेहमीचीच आहे, नाटकं करते.” मी हे वाक्य ऐकलं आहे. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. त्या पोरीच्या वेदनेवर विश्वास ठेवायचं प्रशिक्षणही तिच्या कार्डाइतकंच गरजेचं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो. अशा माणसाला शेवटच्या आठवड्यात पुन्हा पुन्हा खाली आणण्यापेक्षा पाड्यावरच्या आशाताईला आणि गावपातळीवरच्या आरोग्य मंदिराच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) तयार करा. पावरी बोलणारी आशाताई घरात जमिनीवर बसून जे विचारू शकते, ते आम्हाला दुभाष्या घेऊनही जमत नाही.

आता ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तिकडे येते.

त्या चोपड्याच्या शेतकऱ्याची बायको पुढच्या वर्षी आमच्या ओपीडीला आली. छातीत धडधड, झोप नाही, हातापायाला घाम. त्याआधी तीनदा येऊन गेली होती. केस पेपरवर तीनदा बी-कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियम लिहिलेलं, ईसीजी नॉर्मल. मी केरळहून आलेली होते म्हणून चौथ्या वेळी मला ती दिसली असं म्हणते, नाहीतर आधीही ती माझ्या टेबलासमोरूनच गेली असणार. तिला ड्रेसिंग रूममध्ये नेलं, दार लोटलं आणि विचारलं, “भाऊंना जाऊन किती महिने झाले?”

ती पाऊण तास बोलली. शेवटच्या रात्री तो खुणेने पाणी मागत होता. आम्ही तिला बजावलं होतं, पाणी देऊ नका, ठसका लागेल. तिने दिलं नाही. आखाजी (अक्षय तृतीया) आली, घरात घागर भरायची वेळ झाली, पितरांच्या नावाने पाण्याची घागर, आणि तिचा हात घागरीला लागेना. “तो पानी मांगता मांगता गया, सिस्टर. आते मी घागर कशी भरू?”

पाणी देऊ नका, हे आम्ही सांगितलं होतं. त्याऐवजी काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. ओल्या कापसाने ओठ भिजवा, चमच्याच्या टोकाने जिभेवर थेंब सोडा, तोंड कोरडं राहू देऊ नका. अर्ध्या मिनिटाचं सांगणं. ते न सांगितल्याने एक बाई वर्षभर स्वतःला गुन्हेगार समजत होती आणि आम्ही तिला कॅल्शियमच्या गोळ्या देत होतो. मी तिला स्पष्ट म्हटलं, “वहिनी, हुकूम आमचा होता. चूक आमची. तुम्ही आमचं ऐकलं.” ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि प्यायला पाणी मागितलं.

आपल्या खान्देशात माणूस गेला की एकटं सोडत नाहीत. लोक दारावर येतात, दशक्रिया, गंधमुक्ती, उत्तरकार्य, पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेलं असतं. ही रीत मोठी आहे, आणि बहुतेकांचं दुःख या रीतीच्या, नात्यागोत्याच्या आधाराने हळूहळू सोसवतं. त्याला औषध लागत नाही, लागूही नये. पण काहींचं दुःख तिथेच अडकून बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, २०२२ पासून लागू झालेल्या, सहा महिन्यांच्या वरही माणसाला जगू न देणाऱ्या अशा दुःखाला वेगळं नाव आणि वेगळी जागा दिली आहे. साधं दुःख कोणतं आणि अडकलेलं कोणतं, हे ओळखणं शिकावं लागतं. काय विचारायचं, काय बोलायचं नाही, हेही. “देवाची मर्जी”, “आता पोरांकडे बघ”, “रडू नको” ही तीन वाक्यं मी शेकडो वेळा बोलले असेन. आता बोलत नाही. पोरांना शेजारी पाठवून द्यायची आपली सवय आहे, तीही तपासायला हवी. सात वर्षांच्या पोराला ‘पप्पा मुंबईला गेलेत’ सांगितलं की ते प्रत्येक मुंबईच्या गाडीकडे बघत बसतं.

ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली त्या घराबद्दल तर मी वेगळं काय लिहू? तिथे तलाठी पंचनाम्याला येतो, पुढारी चेक घेऊन येतात. आरोग्य खात्यातलं कुणी ‘तुला झोप येते का गं’ विचारायला जात नाही.

आणि आम्ही? नऊच्या आत नवी चादर घालणाऱ्या आम्हालाही कुणीतरी शिकवावं. महिन्यातून एकदा, वॉर्डातल्या सगळ्यांनी अर्धा तास बसून गेलेल्या पेशंटबद्दल बोलावं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरने लहान मुलांचा वॉर्ड मागून बदलून घेतला, पण त्याचं कारण कुणालाच सांगितलं नाही. मला सेवानिवृत्तीच्या दिवशी सांगितलं.

तर नेमकं काय करावं? मला प्रशासनातलं फार कळत नाही, पण शिकणं कसं घडतं ते कळतं. हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाची कार्यशाळा, स्लाईड, दुपारचं जेवण, प्रमाणपत्र, फोटो, या मार्गाने हे येत नाही. मी स्वतः अशा चार कार्यशाळा केल्या आणि एकही पेशंट बदलला नाही. हे खाटेशी बसून, माहीतगार हाताच्या शेजारी आपला हात ठेवून शिकायचं काम आहे. तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून एक डॉक्टर आणि दोन नर्सेस निवडाव्यात, त्यांना निदान दहा दिवस पेशंटबरोबर आणि घरभेटींवर ठेवावं, आणि नंतर वर्षभर दर पंधरवड्याला फोनवर त्यांच्या अवघड केसेसवर बोलावं. एकट्या डॉक्टरला शिकवू नका, त्याची बदली होते आणि विद्या त्याच्याबरोबर जाते. जोडीने शिकवलं तर काहीतरी मागे उरतं. कुठे सुरुवात झाली असेल तर तिथल्या माणसांना पुढे करा, त्यांना शिकवायला वेळ आणि मान द्या.

यासाठी नव्या धोरणाची वाट बघायची गरज नाही. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तो शब्द आहे. आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे, म्हणजे सीएचओच्या कामात ती आजच लिहिलेली आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि वागणुकीचं शिक्षण सक्तीचं झालं आहे. त्या तासांपैकी काही तास विद्यार्थ्यांना वर्गात न बसवता एका खऱ्या घरी न्या, जिथे कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. नर्सिंगच्या मुलींना परीक्षेत मेट्रोनिडाझोलच्या पुडीवर एक प्रश्न विचारा, पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला तो पाठ असेल. मॉर्फिनच्या मान्यतेचे अर्ज त्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी तिथेच भरून घ्या. आणि मृत्यूनंतरची पहिली भेट दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी, अशी रजिस्टरमध्ये रकाना आखून घाला. आपल्या खात्यात रकाना असला की काम होतं, हे आपण सगळेच जाणतो.

केरळात २००८ साली राज्याचं धोरण आलं आणि नंतर ग्रामपंचायतींमार्फत घरोघर जाणाऱ्या नर्सेस नेमल्या गेल्या. ते राज्य वेगळं, हे मला मान्य आहे. पण तिथल्या त्या सुनेत आणि आपल्या चोपड्याच्या वहिनीत मला काही फरक दिसला नाही.

मी आता निवृत्त आहे, तब्येत ठीक आहे. ड्रेसिंगच्या, तोंडाच्या काळजीच्या, औषधांच्या वेळांच्या चित्रांचे सोळा तक्ते मी अहिराणीत करून ठेवले आहेत. सूर्य, चंद्र आणि घड्याळ काढलेले, न वाचता येणाऱ्या सासूलाही कळतील असे. कुणाही महाविद्यालयाने मागितले तर देईन, मोबदला नको. पहिली तुकडी ज्या जिल्ह्यात बसेल तिथे घरभेटींना मीही येईन. स्टूल माझं मी आणते.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका
जळगाव जिल्हा